ताब्याच्या नोटिशीनंतर घराचं काय होतं?

कर्ज थकलं, बँकेनं घर ताब्यात घेतलं, आता पुढे काय, हे विचारणारी बरीच पत्रं आली आहेत. या वेळी ती एकत्र घेत आहे. निवृत्त होण्याआधी मी एका बँकेच्या वसुली विभागात प्राधिकृत अधिकारी होते. ताब्याच्या आणि लिलावाच्या नोटिशीखाली ज्याची सही असते, तो हा अधिकारी. त्यामुळे ही प्रक्रिया मी आतून पाहिली आहे. पत्रलेखकांची नावं मुद्दामच देत नाही.

प्रश्न : माझ्या पतीच्या निधनानंतर फ्लॅटचे हप्ते थकले. बँकेनं दारावर ताब्याची नोटीस चिकटवली, ती वर्तमानपत्रातही आली. मी आणि मुलगी अजून घरातच राहतो. घर आता बँकेचं झालं का? बँक त्याचं काय करणार?

ताई, घर बँकेचं झालेलं नाही. बँकेनं घेतला आहे तो सांकेतिक ताबा. म्हणजे बँकेनं कागदावर ताबा जाहीर केला, कुलूप लावलेलं नाही. मालकी आजही तुमच्या पतीच्या वारसांचीच आहे. बँकेला हे घर नकोच असतं, तिला तिचे पैसे हवे असतात. ते दुसऱ्या मार्गानं मिळाले तर बँकेला आनंदच होतो, हे मी अनुभवानं सांगते.

या टप्प्यावर तुम्ही कशा आलात ते आधी पाहू, कारण पुढचं सगळं तारखांवर चालतं. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत-थकीत कर्जात, जातं. मग सरफेसी कायदा, 2002, म्हणजे बँकेला कोर्टात दावा न लावता तारण विकून वसुली करू देणारा कायदा, त्याच्या कलम 13(2) खाली 60 दिवसांची मागणी नोटीस येते. तिच्यावर लेखी हरकत घेतली तर बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. साठ दिवसांत पैसे आले नाहीत, तर कलम 13(4) खाली ताब्याची नोटीस निघते. ती दारावर लावायची आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, असा नियम आहे. तुम्ही इथवर आला आहात.

प्रत्यक्ष ताबा ही वेगळी पायरी. तुम्ही घर सोडलं नाही, तर बँक कलम 14 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. त्यांचा आदेश झाला की नेमलेला अधिकारी किंवा कोर्ट कमिशनर पोलीस बंदोबस्तात येतो, सामानाची यादी होते, पंचनामा होतो, सील लागतं. अशा आदेशाशिवाय चार माणसं येऊन दमदाटी करत तुम्हाला घराबाहेर काढत असतील, तर ते बेकायदा आहे. पोलिसांत लेखी तक्रार द्या.

आता तुमचं काम. सगळ्यात आधी कर्जाची फाइल काढा आणि पतीच्या नावानं कर्जाशी जोडलेली विमा पॉलिसी होती का ते बघा. गृहकर्ज देताना अनेक बँका असा विमा उतरवतात, त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला असतो, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. मंजुरीपत्रात आणि पहिल्या खातेउताऱ्यात ती नोंद सापडते. तिथे नसेल तर शाखेला लेखी विचारा. माझ्या टेबलावर अशी खाती आली आहेत, जिथे मृत्यूचा दाखला शाखेत पोचलेलाच नव्हता आणि विम्याचा दावा कुणी केलेला नव्हता. घर वाचवणारा कागद कपाटातच पडून होता. मला त्या फाइली अजून आठवतात.

दुसरं, नोटिसा कोणाच्या नावानं निघाल्या आहेत ते पाहा. पतीच्या निधनानंतर त्यांच्याच नावानं मागणी नोटीस काढली असेल आणि तुम्हा वारसांना ती दिलेलीच नसेल, तर वकिलाला लगेच दाखवा. हा गंभीर दोष ठरू शकतो. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे, 45 दिवसांच्या आत अर्ज करता येतो. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. दिवाणी न्यायालयात जाऊ नका. कायद्यानंच तो रस्ता बंद आहे आणि तुमचे 45 दिवस तिथे वाया जातील.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. सगळी थकबाकी खर्चासह भरून तारण सोडवून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे, पण तो लिलावाच्या दिवसापर्यंत नाही. 2016 च्या दुरुस्तीनंतर कलम 13(8) प्रमाणे लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्याआधीच पैसे द्यावे लागतात. सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. ‘लिलाव पुढच्या महिन्यात आहे, तोवर पैसे जमवू’ असं म्हणणारी माणसं इथेच घर गमावतात. नोटीस छापून आल्यावर बँकेनं ऐकलं तर ती तिची मर्जी, तुमचा हक्क नाही.

पूर्ण रक्कम जमणार नसेल तर दोन वाटा आहेत. सगळे थकलेले हप्ते व्याजासह भरले, तर अनेक बँका खातं पुन्हा नियमित करतात. पण सगळे म्हणजे सगळे. दोन-चार हप्ते भरून खातं एनपीएतून बाहेर येत नाही. तेही जमत नसेल तर घर तुम्हीच विका. मागणी नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, म्हणून संमती मागा. गिऱ्हाईक आणा, त्याचे पैसे थेट कर्जखात्यात जाऊ देत, उरलेले तुम्हाला मिळतील. घरमालकानं स्वतः, चावी हातात असताना विकलेल्या घराला लिलावापेक्षा चांगली किंमत येते. ती कर्जदाराला मिळावी, असं मला नेहमी वाटत आलं आहे. एकरकमी तडजोडीचा प्रस्तावही देता येतो. जे काही द्याल ते लेखी द्या आणि पोच घ्या. शाखेतल्या साहेबांच्या तोंडी आश्वासनावर राहू नका. साहेबांची बदली होते.

प्रश्न : आमच्या सोसायटीत एक फ्लॅट बँकेनं सील करून ठेवला आहे. लिलावाच्या नोटिसा येतात, पण विकला जात नाही. मेंटेनन्स थकत चालला आहे. बँक असा फ्लॅट किती काळ ठेवू शकते? स्वतःच्याच नावावर का करून घेत नाही? – एक सोसायटी सचिव

सील केलेला फ्लॅट बँकेसाठी डोकेदुखीच असते. ताबा घेतल्यावर प्राधिकृत अधिकाऱ्यानं मालमत्तेची मालकासारखी काळजी घ्यावी, गरज असेल तर विमाही उतरवावा, असं नियम सांगतात. पहारेकरी, पाणीगळती, शेजाऱ्यांच्या तक्रारी हे सगळं त्याच्या गळ्यात. तिकडे कर्जावर व्याज चढत जातं आणि घराची अवस्था खालावत जाते.

तरीही विक्री अडते, त्याची कारणं बहुतेक वेळा किमतीत असतात. मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून मूल्यांकन करून राखीव किंमत ठरवतात. तिच्याखाली विकायचं तर कर्जदार आणि बँक दोघांची संमती लागते, आणि ती क्वचितच जुळते. मग बोली न आल्यावर बँक किंमत खाली आणून पुन्हा लिलाव काढते. पहिल्या लिलावाला नोटिशीनंतर 30 दिवस थांबावं लागतं, फसलेल्या लिलावानंतर पुढच्या वेळी 15 दिवस पुरतात. तरीही गिऱ्हाईक न आल्यास खासगी वाटाघाटीनं विक्री करता येते, किंवा बँक ते कर्जच मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे थकलेली कर्जं विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपनीला, विकून मोकळी होते. त्यानंतर नोटिशीवर त्या कंपनीचं नाव दिसू लागतं. तुमच्याकडे नाव बदललं असेल तर यामुळेच.

राखीव किमतीची बोलीच आली नाही म्हणून लिलाव पुढे गेला, तर नंतरच्या लिलावात बँक स्वतः बोली लावून घर घेऊ शकते. पण बँकिंग नियमन कायद्याचं कलम 9 आडवं येतं. स्वतःच्या वापराची नसलेली स्थावर मालमत्ता बँकेला सात वर्षांपलीकडे ठेवता येत नाही. रिझर्व्ह बँक फार तर आणखी पाच वर्षं वाढवून देऊ शकते. बँकेनं ठेवीदारांचे पैसे कर्जाऊ फिरवायचे असतात, विटा-सिमेंटमध्ये अडकवायचे नसतात, आणि हा नियम मला योग्यच वाटतो.

तुम्ही मेंटेनन्सची थकबाकी प्राधिकृत अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टानं कळवा आणि दर सहा महिन्यांनी ताजा आकडा पाठवत राहा. बँकेला ठाऊक असलेले बोजे लिलावाच्या नोटिशीत दाखवावे लागतात. तुमचा आकडा तिथे छापला गेला, की खरेदीदाराला नंतर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा राहत नाही.

प्रश्न : बँकेच्या लिलावात घर स्वस्त मिळतं असं ऐकलं. राखीव किंमत 60 लाख असलेला एक फ्लॅट पाहिला आहे. बोली लावावी का?

लावा, पण आधी पैशांचं वेळापत्रक समजून घ्या, कारण लोक तिथेच बुडतात. बयाणा रक्कम बहुधा राखीव किमतीच्या 10 टक्के असते, म्हणजे 6 लाख. समजा तुमची 64 लाखांची बोली सर्वांत मोठी ठरली. बयाण्यासह 25 टक्के, म्हणजे 16 लाख, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायचे. म्हणजे आणखी 10 लाख तयार हवेत. उरलेले 48 लाख विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत. लेखी मुदतवाढ मिळू शकते, तीही एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकलात तर भरलेले 16 लाख जप्त. सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये अशी जप्ती योग्य ठरवली आहे, तेव्हा ‘कोर्टातून परत मिळवू’ अशी आशा ठेवू नका. गृहकर्जावर अवलंबून असाल तर बोलीच्या आधीच मंजुरी हातात घ्या. लिलावाच्या घरावर कर्ज द्यायला प्रत्येक बँक तयार नसते.

किंमत 50 लाख किंवा अधिक असल्यानं 1 टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा. इथे 64 हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च वेगळा धरा.

आता नोटिशीतलं ते वाक्य वाचा : ‘जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे, जे काही आहे ते’ या तत्त्वावर विक्री. लोक ते छापील मजकूर म्हणून सोडून देतात, पण सगळी जोखीम त्या ओळीत आहे. आधीच्या मालकाचं थकलेलं वीजबिल नव्या मालकाकडून वसूल करता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2023 चा निकाल आहे. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, पाणीपट्टी, सगळं आधी विचारून घ्या. सोसायटीच्या सचिवांना जाऊन भेटा. बँकेला माहीत नसलेल्या दहा गोष्टी त्यांना माहीत असतात, आणि तेही नवा सदस्य केव्हा येतो याची वाट पाहत असतात.

बँकेला पहिला प्रश्न विचारा : ताबा प्रत्यक्ष आहे की सांकेतिक? सांकेतिक असेल तर घरात कुणीतरी राहत आहे. ते घर रिकामं होईपर्यंत तुमचे 64 लाख अडकतील आणि तुम्ही व्याज भरत राहाल. फ्लॅट बाजारभावाहून खूप स्वस्त दिसला, की त्यामागचं कारण हे असण्याची शक्यता मोठी. दुसरा प्रश्न, डीआरटीत किंवा उच्च न्यायालयात अर्ज प्रलंबित आहे का? क्रमांकासह लेखी उत्तर मागा. तिसरा, मूळ करारनामे, शेअर सर्टिफिकेट बँकेकडे आहेत का? सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजांच्या नोंदींचा तपास, स्वतःच्या वकिलाकडून काढा, बँकेचा पाहून थांबू नका. सेरसाई, म्हणजे गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही, तिच्यात दुसऱ्या बँकेचा बोजा दिसतो का तेही बघा. आणि घर आतून पाहा. नोटिशीत पाहणीचा दिवस दिलेला असतो. त्या दिवशी दार उघडलंच नाही, तर त्या घरावर बोली लावू नका, असं मी माझ्या भावालाही सांगेन.

सरकारी बँकांच्या मालमत्ता आता ‘बँकनेट’ या पोर्टलवर पाहता येतात. बोली लावण्याआधी केवायसी करून नोंदणी करावी लागते. ती लिलावाच्या आदल्या रात्री करायला बसू नका.

पूर्ण रक्कम भरल्यावर प्राधिकृत अधिकारी विक्री प्रमाणपत्र देतो. तोच तुमच्या मालकीचा कागद. दुय्यम निबंधकाकडे त्याची नोंद करा आणि मग सोसायटीत हस्तांतरणाचा अर्ज द्या.

प्रश्न : माझं घर बँकेनं लिलावात विकलं. कर्जापेक्षा जास्त किंमत आली असं कानावर आलं आहे. तो जास्तीचा पैसा बँकेचा का?

नाही. तो तुमचा आहे. कलम 13(7) मध्ये क्रम लिहिलेला आहे. आधी कारवाईचा खर्च, मग बँकेचं येणं, आणि उरलेली रक्कम हक्कदाराला. घरावर दुसऱ्या कुणाचा बोजा नसेल तर हक्कदार म्हणजे तुम्ही.

आज प्राधिकृत अधिकाऱ्याला पत्र लिहा. विक्रीची रक्कम, लिलावाच्या तारखेचं येणं, खर्चाचा बाबवार तपशील आणि शिल्लक, असा पूर्ण हिशेब मागा. खर्चाच्या रकान्याकडे नीट बघा. वकील, मूल्यांकक, जाहिरात, पहारा हे खरे खर्च असतात, पण प्रत्येकाचं बिल असायला हवं. बँक ही शिल्लक तुमच्या त्याच बँकेतल्या दुसऱ्या थकीत खात्यात वळवू पाहत असेल, तर कोणत्या करारान्वये, ते लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर बँकेच्या तक्रार निवारण कक्षाकडे जा, 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

घर गेल्यावर माणूस त्या शाखेची पायरीही चढू इच्छित नाही, आणि म्हणूनच हे पैसे मागितले जात नाहीत. मला हे फार लागतं. लाजेपायी स्वतःचे पैसे सोडू नका.

उलट बाजूही सांगते. विक्रीतून कर्ज फिटलं नाही, तर घर गेलं म्हणून देणं संपत नाही. उरलेल्या रकमेसाठी बँक तुमच्यावर आणि जामीनदारावर दावा करू शकते.

प्रश्न : मी लीव्ह अँड लायसन्सवर राहतो. मालकाचं कर्ज थकल्याचं दारावरच्या नोटिशीमुळे कळलं. मला काढतील का? भाडं कोणाला द्यायचं?

लीव्ह अँड लायसन्समध्ये तुम्हाला राहण्याची परवानगी असते, घरात हक्क निर्माण होत नाही. त्यात घर गहाण पडल्यानंतर करार झाला असेल तर तुमची बाजू फार कमकुवत आहे. बँकेला कराराची प्रत देऊन मुदत मागा. मुलांची परीक्षा, आजारपण असं खरं कारण असेल तर स्पष्ट लिहा. मी स्वतः अशा विनंत्यांवर ताब्याची तारीख पुढे नेली आहे. भाडं बँकेकडे भरण्याची लेखी सूचना बँक देऊ शकते. ती आली तर बँकेकडेच भरा आणि पावती ठेवा. त्या रकमेपुरते तुम्ही मालकाच्या देण्यातून मोकळे होता. अनामत रक्कम मात्र मालकाकडूनच मिळवायची आहे, बँक ती देणार नाही, म्हणून त्यांच्याशी आजच बोला.

प्रश्न : माझी शेतजमीन पतसंस्थेला तारण आहे. शेतजमिनीला सरफेसी लागत नाही असं ऐकलं. मग मी निर्धास्त राहू का?

नका राहू. शेतजमिनीला सरफेसी लागत नाही हे खरं आहे, आणि पतसंस्थेला तो कायदा वापरताही येत नाही. सहकारी बँकेला येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2020 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण पतसंस्थेकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम 101 आहे. त्याखाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि कलम 156 व नियम 107 प्रमाणे जप्ती आणि विक्री होते. शेतजमीन त्यातून सुटत नाही.

कलम 101 च्या अर्जाची नोटीस आली, की त्या तारखेला हजर राहा आणि व्याजाच्या हिशेबावर लेखी हरकत तिथेच नोंदवा. एकदा दाखला निघाला, की त्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायला निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि अडचणीतल्या शेतकऱ्याला ते जमत नाही.

या मार्गात सरफेसीपेक्षा एक सवलत जास्त आहे. विक्री झाल्यानंतरही 30 दिवसांच्या आत खरेदीदारासाठी त्याच्या किमतीच्या 5 टक्के आणि विक्रीच्या उद्घोषणेतली थकबाकी व्याज-खर्चासह वसुली अधिकाऱ्याकडे भरली, तर विक्री रद्द करून घेता येते. भावकीतून किंवा नातेवाइकांकडून पैसे उभे राहणार असतील, तर त्या 30 दिवसांची मोजणी विक्रीच्या तारखेपासून करा. विक्री कायम झाल्याचं पत्र हातात पडण्याची वाट बघू नका.